तंग आवळण्याआधी घोंगडी कुठे गेली ते बघा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मुळशीकडे तुमचं शेत आहे. सात वर्षांची काठियावाडी घोडी आहे, एक खेचर आहे आणि दोघांना मिळून खोगीर एकच. चढावर घोडीच्या पाठीवरची घोंगडी खोगिराखालून मागे निघते, घरी पोचेपर्यंत निम्मी मागच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, लोंबत असते. खेचराचं उलटं. उतार लागला की खोगीर घोंगडीसकट मानेवर चढतं. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, दोन भोकं वर घेऊन पाहिलात, फरक पडला नाही. आता कुणीतरी सांगितलंय की रबरी जाळीचं पॅड घ्या, एक इंच हलणार नाही. तर पॅड घ्यावं का, आणि तंग अजून किती ओढावा?

तंग होता तिथे परत आणा. पॅडचे पैसे महिनाभर खिशातच ठेवा. घोंगडी सरकते म्हणजे खोगिराचं आणि पाठीचं कुठेतरी जमत नाहीये, आणि ती बिचारी दोघांच्या भांडणात मधे सापडली आहे. शिवाय तुमच्या दोन जनावरांच्या तक्रारी वेगळ्या आहेत, एका औषधाने दोन्ही जाणार नाहीत.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पोरवयात वडिलांच्या हाताखाली खोगिरं उसवायचो, भरायचो, शिवायचो. पुढे बावीस वर्षं माथेरानला घोडे ठेवले. मधे चार मोसम उत्तराखंडात ट्रेकवाल्यांच्या खेचरांबरोबर काढले. म्हणजे माझा सगळा अनुभव डोंगरातल्या, चढ-उतारावर पाय टाकणाऱ्या जनावरांचा. शर्यतीच्या किंवा उड्या मारणाऱ्या घोड्यांचं शास्त्र निराळं आहे, तिथे मला विचारू नका. आणि तुमची जनावरं मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. खोगीर कुणाला बसतं, कुणाला नाही, हे पाठ बघितल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगत असेल तर तो बहुधा खोगीर विकत असतो. मी फक्त कसं शोधायचं ते सांगू शकतो.

सुरुवात एका खडूने करा. निघण्याआधी, तंग कसून झाल्यावर, तीन रेघा एकाच ओळीत मारा. एक घोडीच्या केसांवर, खोगिराच्या पुढच्या कडेपाशी. दुसरी तिथेच घोंगडीवर, तिसरी खोगिराच्या चामड्यावर. नेहमीची फेरी करून या, आणि परत आल्यावर लगेच खोगीर उतरवू नका. माणसं उतरली की आधी तंग सोडतात आणि अख्खा पुरावा पुसून टाकतात. तसंच उभं ठेवून बघा, कुठली रेघ कुठल्या रेघेपासून तुटली. खोगीर आणि घोंगडी जोडीने सरकली असतील तर दोष पाठीच्या उतारात, पोटाच्या आकारात किंवा तंगाच्या जागेत असतो. खोगीर जागेवर आणि घोंगडीच गेली असेल, तर खोगिराचा भार पाठीवर सारखा पडत नाहीये. दोन्ही मिळून एका कुशीला कलली असतील तर ती तिसरीच गोष्ट, तिच्याकडे नंतर येतो.

तुमच्या सांगण्यावरून घोडी दुसऱ्या प्रकारातली वाटते, म्हणून आधी तिचं बघू.

घोड्याचे केस मानेकडून शेपटीकडे झोपलेले असतात. घोंगडीला मागे जायला वाट गुळगुळीत आणि पुढे यायला काट्यांची. त्यामुळे पाठीवर काहीही थरथरत असेल तर घोंगडी प्रत्येक पावलाला केसभर मागेच जाते, पुढे कधीच येत नाही. दोन तासांच्या चढाला किती हजार पावलं पडतात त्याचा हिशेब करा. तेव्हा थरथर कुठून येते, हा खरा प्रश्न.

नव्वद टक्के वेळा ती खोगिराच्या मागच्या टोकातून येते. खोगिराचा आतला सांगाडा, ज्याला हल्ली सगळे ट्रीच म्हणतात, तो पाठीपेक्षा रुंद असला तर पुढची बाजू मानेच्या बुडाच्या उंचवट्यावर खाली बसते आणि मागचं टोक उचललं जातं. स्वार हलला की ते टोक पाठीवर चापट्या मारतं. प्रत्येक चापटीला घोंगडी एक पाऊल मागे. सांगाडा अरुंद असेल तर उलटं होतं. सांगाड्याचे पुढचे पाय घोडीच्या खांद्यांना चिमट्यासारखे धरतात, पुढची बाजू उंच राहते, स्वार मागे घरंगळतो आणि सगळा भार मागच्या तिसऱ्या हिश्शावर पडतो. पुढे चिमटा, मागे दाब आणि मधे पोकळी असा तिसराही एक प्रकार आहे, ज्यात खोगीर पाठीवर पुलासारखं उभं असतं. काठियावाडी घोडी बांध्याने सडपातळ, उंचवटा बऱ्यापैकी वर आलेला. आणि तुम्ही जे खोगीर वापरताय ते खेचरालाही चढतंय. माझा अंदाज रुंदीकडे झुकतो. पण अंदाज तो अंदाज.

ओळखायचं कसं? स्वार वर बसलेला असताना, नुसतं रिकामं खोगीर ठेवून नव्हे, पुढच्या कमानीखाली बोटं उभी घाला. दोन ते तीन बोटं जायला हवीत. एकच बोट कसंबसं गेलं तर रुंद, चार-पाच गेली तर अरुंद. मग चार पावलं मागे जाऊन बाजूने बघा. बसायच्या जागेचा सर्वांत खोल बिंदू मधोमध हवा, पुढे किंवा मागे घसरलेला नको. आणि खोगीर उतरवल्यावर दोन गाद्यांमधली पन्हळ बघा. मणक्यावर काहीही टेकता कामा नये. तीन-चार बोटं रुंदीची मोकळी पन्हळ पुढपासून मागपर्यंत सारखी हवी. बाजारात पुढे चार बोटं आणि मागे दीड बोट अशी खोगिरं सर्रास मिळतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नटवलेली खोगिरं बघून डोळे निवतात, पण त्यातलं एखादं उलटं करून पन्हळ बघा म्हणजे कळेल. मिरवायला ठीक आहेत, मुळशीच्या चढाला नाहीत.

घामाचे डाग बघा, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. बघा, पण नीट वाचा. सगळीकडे ओलं आणि मधेच हाताच्या पंजाएवढी जागा कोरडी, याचे दोन अर्थ होतात. एक, तिथे खोगीर टेकतच नाहीये. दोन, तिथे इतका दाब आहे की घाम बाहेरच येत नाही. दोन्ही डाग दिसायला सारखे. फरक हाताला कळतो. दाब असलेल्या जागी केस दबून चपटे किंवा विस्कटलेले असतात आणि बोटांनी हलकं चेपलं तर घोडी पाठ खाली घेते किंवा कान मागे करते. न टेकलेल्या जागी तिला काही वाटत नाही.

याहून सोपी एक चाचणी माथेरानच्या लाल मातीने मला शिकवली. तिथे घोडा खरारा करून अर्ध्या तासात पुन्हा तांबडा होतो. एकदा घोंगडी धुवायला टाकली होती म्हणून जुनं पांढरं धोतर चौपदरी करून पाठीवर टाकलं आणि फेरी मारून आलो. धोतरावर खोगिराचा अख्खा नकाशा उमटला होता. पुढे दोन गडद लाल ठसे, मागे दोन, मधे चांगला वीतभर भाग पांढराशुभ्र. आठ महिने मी तेच खोगीर वापरत होतो आणि ते पुलासारखं उभं आहे हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून नवीन जोडी जमवताना पांढरं कापड टाकल्याशिवाय मी राहत नाही. तुमच्याकडे लाल माती नसेल तर जनावर खरारा न करता घ्या, अंगावरची धूळ पुरते. वीस मिनिटांची चाल, मधे थोडी दुडकी. ठसा दोन्ही बाजूंना लांबट, सलग आणि सारखा फिका आला तर खोगीर बसलंय.

याच्या जोडीला पाठीचा आकार कागदावर घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानातून जाड ॲल्युमिनियमची तार दीड हात आणा. जनावर सपाट जागी चारही पायांवर सारखं उभं करा आणि तार तीन ठिकाणी आडवी दाबून आकार घ्या. पहिली जागा खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटं, दुसरी पाठीच्या मधे, तिसरी शेवटच्या बरगडीशी. प्रत्येक आकार कागदी पुठ्ठ्यावर उतरवून कापा, वर तारीख घाला. हा पुठ्ठा खोगिराच्या पोटात धरला की काय जमत नाहीये ते लहान मुलालाही दिसतं. घोडीचे आणि खेचराचे पुठ्ठे एकमेकांवर ठेवलेत की एकच खोगीर दोघांना का चालणार नाही, हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

खांद्याच्या फऱ्याचं एक लक्षात ठेवा. पुढचा पाय पुढे जातो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे येतं. म्हणून खोगीर फऱ्यावर ठेवलं तर प्रत्येक पावलाला फरा त्याला धक्का देतो, घोडीची पावलं आखूड होतात आणि तीच थरथर पुन्हा सुरू. मागची हद्द शेवटची बरगडी. तिच्यापलीकडे कमरेखाली बरगड्यांचा आधार नाही, तिथे भार नको. आपल्याकडच्या आखूड पाठीच्या तट्टांवर मोठ्या माणसाचं मोठं खोगीर बसवायला म्हणूनच जागा उरत नाही. स्वार आणि सामान मिळून जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा एक ढोबळ नियम जगभर पाळतात. चढावर त्याहूनही हात आखडता घ्यावा.

आता रबरी पॅड. हा माझ्या दुखण्याचा विषय आहे. माझी एक करडी घोडी होती, तिची घोंगडी तुमच्यासारखीच मागे जायची. मी तरुण, घाईत, मोसम ऐन भरात. आधी तंग आवळला. मग मुंबईहून एकाने आणून दिलेलं रबरी पॅड घातलं. घोंगडी जागच्या जागी राहिली, मी खूश. तीन आठवड्यांनी फऱ्यांमागे दोन्ही बाजूंना रुपयाएवढी सूज आली, केस गेले आणि पुढे तिथे पांढरे केस उगवले. दाबाने केसांच्या मुळांतल्या रंग देणाऱ्या पेशी मेल्या की नवे केस पांढरे येतात, ते कायमचे. ती घोडी म्हातारी होईपर्यंत ते दोन ठिपके माझ्याकडे बघत असायचे.

झालं काय होतं? आधी खोगीर हललं की घोंगडी घसरून ती हालचाल पोटात घेत होती. रबराने घसरणं बंद केलं, पण खोगिराचं हलणं तर तसंच होतं. मग कातडीच मांसावर सरकायला लागली. घसरणं थांबलं आणि घासणं वाढलं. शिवाय पॅड जाड. सांगाडा आधीच अरुंद असेल तर जाड पॅड म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. नेमकं बसणाऱ्या खोगिराखाली पातळ रबरी पॅड वाईट नाही, पावसाळ्यात तर उपयोगी पडतं, फक्त खाली गरम फार होतं. न बसणाऱ्या खोगिराखाली ते विष आहे.

तंगाचंही तेच. आवळल्याने खोगिराचे पुढचे पाय अजून रुततात, कोपरामागची कातडी सोलते आणि घोडी पुढच्या वेळी तंग बघूनच पोट फुगवते. योग्य ताण बघायचा तो कुशीला नाही, तिथे गोलाईमुळे तंग नेहमीच घट्ट लागतो. पुढच्या दोन पायांच्या मधे, छातीच्या हाडाखाली, दोन बोटं सपाट जातील इतका हवा. एकदम ओढू नका. ठेवताना एकदा, दहा मिनिटं चालवून दुसऱ्यांदा, बसण्याआधी तिसऱ्यांदा. मग पुढचे पाय एकेक करून गुडघ्यात धरून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी सुटते.

घोंगडी टाकण्यातही लोक चुकतात. ती जागेपेक्षा वीतभर पुढे, मानेवर टाका आणि मागे ओढत जागेवर आणा. केस आपोआप झोपतात. जास्त मागे गेली तर पुढे ढकलू नका, उचलून पहिल्यापासून टाका. खोगीर ठेवलं की तंग लावण्याआधी घोंगडी दोन बोटांनी चिमटून पन्हळीत वर ओढा, उंचवट्यावर तंबू झाला पाहिजे. हे केलं नाही तर तंग कसल्यावर घोंगडी उंचवट्यावर ताणून बसते, आणि ताण सोडवायला तिला एकच वाट असते, उतरणीची, म्हणजे मागची. मी तर म्हणेन खडू, तार वगैरे करण्याआधी आठवडाभर एवढंच करून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. घोंगडीच्या पुढच्या कोपऱ्यांना दोन नाड्या शिवून त्या खोगिराच्या वाद्यांना, म्हणजे तंग अडकवायच्या चामडी पट्ट्यांना, बांधल्या तर आणखी चांगलं.

घोंगडी कुठली वापरताय हे तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. खरखरीत असल्याने धरते आणि घाम शोषते. पण नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. घोडी घामेजली की ती खळ सुटून बुळबुळीत होते आणि वाळली की पापुद्र्यासारखी कडक. आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून खळ काढून टाका. मिळाला तर लोकरीचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, सर्वांत उत्तम. बाजारातल्या रंगीत नायलॉनच्या चादरी दिसायला छान, घसरायला त्याहून छान. आणि पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या कोड्याचं उत्तर घोंगडीलाही लागू आहे. रोज फिरवा, उलटी करा, उन्हात टाका. एकाच घडीत महिनाभर राहिलेली घोंगडी खारट घामाने पत्र्यासारखी होते.

पांढऱ्या कापडाने दोष दाखवला आणि सांगाड्याची रुंदी जवळपास बरोबर निघाली, तर खोगीर टाकायची गरज नाही. गाद्या उसवून पुन्हा भरता येतात. मराठीत खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी जागा अडवणाऱ्यांसाठी वापरतो. ज्याने कधी खोगीर भरलंय त्याला तो कधी पटत नाही. मूठभर लोकर इकडची तिकडे झाली तर घोड्याची पाठ फुटते. वडील भरताना डोळे मिटायचे आणि फक्त तळहाताने चाचपायचे. कापूस घामाने गाठाळतो, काथ्या टोचतो, पेंढ्याचा भुसा होतो. पिंजलेली लोकर वर्षानुवर्षं लवचिक राहते. पण भरतीलाही मर्यादा आहे. रुंद सांगाडा पुढे थोडी भर घालून उचलता येतो. अरुंद सांगाडा भरतीने कधीच रुंद होत नाही, ते खोगीर विकून टाकायचं.

आता खेचर. त्याच्या पाठीची घडण बापाकडून, गाढवाकडून येते. उंचवटा जवळजवळ नाही, पाठ सरळ फळीसारखी, खांदे अरुंद आणि पोट पिंपासारखं गोल. घोड्याच्या पाठीला मधे थोडा खोलगटपणा असतो, खोगीर त्यात बसतं. खेचराकडे ती खुंटीच नाही. म्हणून बोटांची जी परीक्षा घोडीसाठी सांगितली ती इथे उपयोगाची नाही, उंचवटाच नसल्याने कमानीखाली जागा नेहमी भरपूर दिसते. इथे तार आणि पांढरं कापड यांच्यावरच भिस्त.

त्यात तंगाची जागा. प्रत्येक जनावराच्या पोटाला कोपरामागे एक अरुंद जागा असते, तंग कुठेही बांधा, चालता चालता तो तिथे जाऊन बसतो. खेचराची ही जागा बरीच पुढे असते. तंग पुढे जातो, खोगिराला बरोबर ओढतो आणि उतार लागला की अडवायला कुणी नाही. तुम्ही तंग आवळलात तसं ते अजून जोरात पुढे ओढलं गेलं असणार. तुमच्या खोगिराला एका बाजूला तीन वाद्या असतील तर पहिली आणि तिसरी वापरून बघा. पहिली वादी तंगाला त्याच्या आवडत्या जागी जाऊ देते आणि तिसरी खोगिराला मागे धरून ठेवते. खेचराच्या सरळ पाठीसाठी खोगिराच्या गाद्याही सरळ हव्यात. घोडीचं वळणदार खोगीर त्याच्या पाठीवर झुलत्या खुर्चीसारखं डुलतं.

पण एवढं सगळं करूनही डोंगरात खेचराला मागून धरणारं काहीतरी लागतंच. त्यात कमीपणा नाही, त्याच्या शरीराची ती गरज आहे. उत्तराखंडात एकही शहाणा खेचरवाला पलाण, म्हणजे ओझ्याचं खोगीर, मागच्या पट्ट्याशिवाय उतारावर नेत नाही. हलका स्वार असेल तर दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, चालते. शेपटीखालून जाणारा भाग मऊ, गोल आणि रोज पुसलेला हवा. त्याला तेल लावत जा. मागच्या पुठ्ठ्यावर पट्ट्याखाली हाताचा पंजा आडवा जाईल इतकी ढिलाई ठेवा. सपाटीवर दुमची सैलच दिसली पाहिजे, तिने उतारावरच काम करायचं. भार जास्त असेल किंवा उतार लांबलचक असेल तर दुमचीऐवजी मांड्यांमागून जाणारा रुंद पट्टा लावा, म्हणजे शेपटीवर ताण येत नाही. तो मांडीच्या मध्यावर हवा. फार वर असला तर शेपटी उचलतो, फार खाली असला तर पाय अडखळतात.

आणि हे पहिल्या दिवशी उतारावर करून बघू नका. आठवडाभर गोठ्यात नुसतं शेपटीखाली मऊ दोरी फिरवत राहा, मग रिकामी दुमची, मग खोगिरासकट सपाटीवर. घोडा घाबरून लाथ मारतो, खेचर अंतर मोजून मारतं.

घोडीला मग पेशबंद, म्हणजे खोगीर पुढे धरणारा छातीवरचा पट्टा, लावू का, असं तुम्ही विचाराल. चढावर अख्खं खोगीर मागे जात असेल तर पेशबंद कामाचा आहे. तुमचं खोगीर जागेवर आहे आणि घोंगडी जातेय, तिथे तो फक्त शोभा देईल.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सह्याद्रीतलं जनावर वर्षातून दोन आकारांचं असतं. दिवाळीला हिरवं गवत खाऊन पोट सुटलेलं, पाठीवर मांस. मे महिन्यात तेच जनावर बरगड्या मोजता येतील असं. सुटलेल्या पोटावर तंग आणि खोगीर पुढे जातं, खपाटीला गेलेल्या पोटावर मागे. नोव्हेंबरात तंतोतंत बसलेलं खोगीर एप्रिलमध्ये रुंद होतं. जुन्या लष्करी खोगिरांखाली घडीची घोंगडी असायची ती याचसाठी, घोडा मोहिमेत उतरला की घडी बदलून भर कमी-जास्त करता यायची. म्हणून पुठ्ठ्यावर तारीख घाला म्हटलं. वर्षातून दोनदा तरी तार लावा. तुमची तक्रार उन्हाळ्यात सुरू झाली की दिवाळीनंतर, हे आठवून बघा, निम्मं उत्तर तिथेच असेल.

राहिलं एका बाजूला कलणं. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण खडूच्या रेघांत दिसलं तर आधी स्वत:कडे बघा. रोज जमिनीवरून डाव्या रिकिबीत लटकून चढत असाल तर खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि सांगाडाही पिळवटतो. बांधावरून, दगडावरून चढा. रिकिबी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते मोजा, चामडं डावीकडचं जास्त ताणतं. हे सगळं ठीक असूनही खोगीर सतत एकाच बाजूला जात असेल तर मागचे पाय तपासून घ्या. ब्रिटनमध्ये लीन ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की एका कुशीला सरकणारं खोगीर हे पुष्कळदा मागच्या पायाच्या लंगडेपणाचं लक्षण असतं, डोळ्याला लंगडणं दिसत नसलं तरी. इंजेक्शन देऊन त्या पायाचं दुखणं तात्पुरतं बधिर केलं की बहुतेक घोड्यांचं खोगीर सरळ राहायला लागलं. हे वाचल्यावर मला माझे तीन-चार जुने घोडे आठवले, ज्यांच्या खोगिरात मी उगाच लोकर भरत बसलो होतो.

तर क्रम असा ठेवा. तंग ढिला करा. आठवडाभर घोंगडी नीट टाकायची सवय लावा. मग खडू, पांढरं कापड आणि तार, दोन्ही जनावरांना वेगवेगळी. त्यानंतरच ठरवा की भरती बदलायची, खोगीर बदलायचं की खेचरासाठी दुसरं घ्यायचं. मला वाटतं दुसरं घ्यावंच लागेल.

पाठ आधीच लागली असेल, म्हणजे सूज, ओल किंवा केस गेलेली जागा हाताला लागली, तर यातलं काहीही करू नका. कातडी पूर्ण भरेपर्यंत खोगीर खुंटीला. हळद लावून वर घोंगडी टाकायची आणि चालवायचं, असं करू नका. घोंगडीला जखमेएवढं भोक पाडायचा सल्लाही ऐकू नका, भोकाच्या कडा आजूबाजूला नवी जखम करतात. सूज दाबून मऊ लागली तर पशुवैद्याला दाखवा.

पुठ्ठ्याचे आकार घेतलेत की त्यांचे फोटो मला पाठवा. खोगिराशिवाय जनावर बाजूने, आणि थोड्या उंचावर उभं राहून मागून, असे दोन फोटोही हवेत. खेचराचा मागून फोटो मात्र लांबूनच काढा, झूम करून.